'रेक्टिफाय' पाहून झाली. पुढच्या महिन्यात अण्णा घरी येतायत.

मीनल_जेलरोड

नमस्कार. मालिकांच्या विभागात प्रश्न टाकतेय, पण मला उत्तर मालिकेपुरतं नकोय, म्हणून आधी घरचं सांगते.

आम्ही नाशिकरोडला, जेलरोडवर राहतो. माझे मोठे दीर, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, इथल्याच मध्यवर्ती कारागृहात जन्मठेप भोगतायत. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बांधावरून भांडण झालं, कुऱ्हाड चालली आणि शेजारच्या मळ्यातला माणूस गेला. अण्णांच्या हातून ते झालं. कोर्टात वकिलांनी मांडायचं ते मांडलं, पण घरात कुणी कधी ते नाकारलं नाही, अण्णांनी तर नाहीच. आता चौदा वर्षांच्या फाईलवर आदेश आलाय. सगळं सुरळीत झालं तर पुढच्या महिन्यात ते बाहेर येतील. गावी न जाता आमच्याकडे राहतील, असं सासूबाईंनी ठरवलंय.

या काळात मैत्रिणीच्या सांगण्यावरून 'रेक्टिफाय' पाहिली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकन मालिका, 2013 ते 2016, चार सीझन, 30 भाग, रे मॅकिनन यांची निर्मिती. जॉर्जियातल्या पॉली या छोट्या काल्पनिक गावातल्या डॅनियल होल्डनला कोवळ्या वयात, हॅना या मैत्रिणीवर बलात्कार करून तिचा खून केल्याबद्दल मृत्युदंड होतो. 19 वर्षं तो फाशीच्या कोठडीत काढतो आणि मग डीएनएच्या पुराव्यावर शिक्षा रद्द होऊन घरी येतो. गुन्हेगारी मालिका म्हटल्यावर मला वाटलं, आता खरा खुनी शोधत बसतील. पण पहिल्या सीझनचे सहाही भाग म्हणजे सुटकेनंतरचे पहिले काही दिवस. तो घरात कसा उभा राहतो, कुठे बसतो, काय खातो, झोप लागते का, एवढंच.

आमचे हे दुसऱ्या भागाला उठून गेले. "यात काही घडतच नाही" म्हणाले. मी मात्र एकेक भाग जीव मुठीत धरून पाहिला, कारण मला ते सगळं पुढच्या महिन्यात आमच्या हॉलमध्ये दिसत होतं. डॅनियल तुरुंगात असताना जन्मलेला त्याचा धाकटा भाऊ जॅरेड, याने आपल्या भावाला घरात कधी पाहिलेलंच नाही. आमचा आर्यन सातवीत आहे. कोविडच्या वेळी अण्णा तातडीच्या अभिवचन रजेवर (पॅरोलवर) गावी आले होते तेव्हा तो इतका लहान होता की त्याला फक्त त्यांची दाढी आठवते.

आणि ते स्वयंपाकघर! दुसऱ्या सीझनमध्ये डॅनियल आईला नवीन स्वयंपाकघर करून द्यायचं म्हणून जुनं तोडायला घेतो. तोडतो जोरात, पण ते तसंच उघडंनागडं पडून राहतं आणि आई त्या पसाऱ्यात वावरते. सासूबाई माझ्याबरोबर बसल्या होत्या. इंग्रजी कळत नाही, मी मध्येमध्ये सांगत होते. त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "करू दे त्याला. ओटा काय, परत बांधता येतो."

आता माझी खरी अडचण. डॅनियलवर माया करणं सोपं आहे. तो विचित्र वागला, नको ते बोलून बसला, तरी आपल्या मनात असतं की बिचाऱ्याने बहुतेक काहीच केलेलं नाही, उगाच 19 वर्षं गेली. अण्णांच्या बाबतीत ही सोय कुणालाच नाही. त्यांनी केलं आणि त्याची शिक्षा भोगली. मग त्यांच्यासारख्या माणसाला ही मालिका काही देते का? की माया फक्त निर्दोष माणसासाठी राखून ठेवलीय?

दुसरी भीती अशी. मालिकेत हॅनाचा भाऊ बॉबी आणि त्याची माणसं डॅनियलला तिच्या कबरीपाशी गाठून मरेस्तोवर मारतात. आमच्या गावात गेलेल्या माणसाचा मुलगा आता कर्ता झालाय, त्यांची बाग आमच्या बागेला लागून आहे. मी त्या घराला दोष देत नाही. त्यांचं जे गेलं ते कुठल्या आदेशाने परत येत नाही. पण अण्णांना आयुष्यभर गावाबाहेर ठेवायचं का?

ज्यांच्या घरी असं कुणी परत आलंय त्यांनी सांगा. घरात काय तयारी करू?

---

सातपूरकर

मीनलताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला मालिकेतूनच उत्तर देतो. (पुढे कथानक उघड होतंय, पाहायची असेल त्यांनी हा प्रतिसाद सोडून द्या.)

डॅनियल निर्दोष आहे असा शिक्का मालिका शेवटपर्यंत मारत नाही. त्याचं त्यालाच त्या रात्रीबद्दल खात्रीने सांगता येत नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तर तो सरकारी पक्षाशी तडजोड करून कबुली देतो. चौथ्या सीझनमध्ये संशय दुसरीकडे वळतो हे खरं, पण तोवर आपण या माणसाबरोबर तीन सीझन राहिलेलो असतो, आणि 'केलं की नाही' हे ठरायच्या आधीच तो आपला झालेला असतो. मला वाटतं लेखकाला हेच हवं होतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे केर्विन. शेजारच्या कोठडीतला, भिंतीपलीकडून डॅनियलशी बोलणारा. केर्विनने गुन्हा केलेला आहे आणि मालिका ते लपवत नाही. तरी सगळ्या मालिकेत सर्वांत जवळचा माणूस कोण वाटतो? मला तरी तोच. त्याला मृत्युदंडासाठी नेतात तो भाग पाहून मी दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला कसा गेलो माझं मला माहीत. तेव्हा माया राखून ठेवलेली नाही, ताई. ती केर्विनच्या वाट्याला आलीय, आणि त्याला घरी यायला मिळालं नाही. तुमच्या अण्णांना मिळतंय.

---

वकीलवाडीकर

मी फौजदारी वकिली करतो. मालिका पाहिलेली आहे, पण आधी कामाचं बोलतो.

चौदा वर्षं झाली की जन्मठेपेचा कैदी आपोआप सुटतो असा सगळीकडे समज आहे. तसं नसतं. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. चौदा वर्षं ही किमान अट आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 433-अ, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 475. त्यानंतर गुन्ह्याचं स्वरूप, वर्तणूक, पोलिसांचा आणि न्यायाधीशांचा अभिप्राय बघून शासन ठरवतं. अण्णांचा आदेश आला याचा अर्थ इतक्या जणांनी त्यांची फाईल वाचून होकार भरलाय. आदेशातल्या अटी मात्र शब्दन् शब्द वाचा, हमीपत्र कशाचं आहे, कुठे हजेरी लावायची आहे, कुठे जायला मनाई आहे. गावी जायचं की नाही हा प्रश्न तिथेच निम्मा सुटेल.

मालिकेत डॅनियलला तडजोडीत गावाची काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, कायमची सोडावी लागते. आपल्याकडची तडीपारी ऐकून माहीत असेल, ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली होते आणि जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. अण्णांना तसा कुठलाही आदेश नसेल तर गाव त्यांना बंद नाही. पण मी इतकंच सुचवेन की पहिली भेट तुमच्या मिस्टरांनी आणि गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाने आधी त्या घरी जाऊन, त्यांची परवानगी विचारून ठरवावी. ते नको म्हणाले तर थांबायचं.

कागदपत्रांचं: आधार अद्ययावत करून घ्या, सिमकार्ड घेतानाही उपयोगी पडेल. शिक्षा भोगत असताना मतदान करता येत नाही, सुटल्यावर येतं, यादीत नाव आहे का बघा. जुनं बँक खातं दहा वर्षं न वापरल्यामुळे रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेली असेल तरी ती बुडत नाही, बँकेतच अर्ज करून परत मिळते. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) असतात, त्यांना भेटा. मुक्त बंद्यांसाठी अर्थसहाय्याची योजना त्यांच्याकडून चालते आणि त्यासाठी फारसं कुणी जातच नाही.

आता मालिकेबद्दल. डॅनियलची गोष्ट बघायला आपल्याला जॉर्जियाला जायला नको. 2003 साली आपल्याच नाशिक जिल्ह्यात दरोडा, बलात्कार आणि खून असा एक भयंकर गुन्हा घडला. सहा जणांना पकडलं, भटक्या जमातीतले, मजुरी करून खाणारे. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. आणि 5 मार्च 2019 ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून भलतेच चौघे ओळखले होते आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. सहांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला. सोळा वर्षांचे पाच लाख! चुकीने तुरुंगात काढलेल्या वर्षांची भरपाई कशी द्यावी याबद्दल विधी आयोगाने 2018 मध्ये 277 वा अहवाल दिला, पण कायदा अजून झालेला नाही. मी तो निकाल पुन्हा पुन्हा वाचलाय आणि प्रत्येक वेळी मला एकच प्रश्न पडतो की हे सहा जण परत गेले ते कुठे? ज्यांचं घर पालाचं होतं, त्यांचं पाल इतकी वर्षं एका जागी थोडंच थांबलं असणार.

---

उपनगरची_रेखा

मीनल, तुझी पोस्ट वाचून रात्री झोप आली नाही. माझा भाऊ नाशिकरोडलाच न्यायाधीन बंदी होता. खटला चालायलाच वर्षं गेली आणि शेवटी निर्दोष सुटला. त्यामुळे तुझ्या अण्णांसारखं आमचं नाही, डॅनियलसारखं जास्त. पण एक सांगते, सुटल्यावर फरक पडत नाही. आमच्या सोसायटीत कुणी निकाल वाचायला मागितला नाही. तो आत होता, एवढंच सगळ्यांना माहीत.

भाऊ आयटीआयचा फिटर. अंबडला ठेकेदारांकडे गेला की काम बघून हो म्हणायचे आणि मग पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागायचे. तिथे गाडी अडायची. निर्दोष सुटल्याचा निकाल तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यायचा. एका साहेबांनी तो हातात घेतला, पानं मोजली आणि परत दिला. आता तो पिंपळगावला कांद्याच्या खळ्यावर आहे. तिथे दाखला लागत नाही, पाठ लागते.

तू डॅनियलबद्दल लिहिलंस, मला मात्र मालिकाभर अमँथाच दिसली. त्याची बहीण. वकील गाठणारी, भांडणारी, जिचं तरुणपण सगळं भावाच्या खटल्यात गेलं. भाऊ सुटतो, आणि मग तिने काय करायचं? ती थ्रिफ्टी टाउन नावाच्या दुकानात नोकरीला लागते. ते बघताना मी हुंदके देऊन रडले. तुरुंगातल्या भेटीसाठी नाव नोंदवणं, वकिलाला फोन, तारखेला कोर्टात, हे माझं आयुष्य होतं. तो घरी आला त्या दिवशी सगळे आनंदात होते आणि मला सकाळी उठून काय करायचं हेच कळेना. तुझ्या सासूबाईंचं असंच होणार. त्यांना काहीतरी काम दे, अण्णांच्या भोवतीचं नको, त्यांचं स्वतःचं.

आणि तुझ्या मिस्टरांना जप. दुसऱ्या भागाला ते उगाच नाही उठले. मालिकेतला टेडी बघ, डॅनियलचा सावत्र भाऊ. टायरचं दुकान तो सांभाळतो, घरात त्याचं एक स्थान झालेलं असतं आणि एका दिवसात सगळ्यांचे डोळे डॅनियलकडे वळतात. पुढे दुकानात त्या दोघांत जे घडतं ते तू पाहिलंयस. टेडी मला आधी आवडत नव्हता, शेवटी सगळ्यांत जास्त कळवळा त्याचा आला. तुमची बाग इतकी वर्षं कोणी राखली? छाटणी, फवारणी, गारपिटीची वर्षं, कर्ज, हे कोणी काढलं? सातबाऱ्यावर अण्णांचं नाव आहेच, आणि ते आले की वडीलधारे म्हणून त्यांचा शब्द वरचा होणार. यावर दोघं भाऊ बोललेत का? ते येण्याआधी बोलायला हवं असं मी म्हणेन. आधी नाहीच जमलं तर आल्यावर लगेच नको, थोडं स्थिरस्थावर होऊ दे.

---

जुना_निदेशक

मी कारागृहात सुतारकामाचा निदेशक होतो, आता निवृत्त आहे. आमच्या हाताखालचे बंदी टेबलं, खुर्च्या, कपाटं करत. नाशिकरोडच्या बंद्यांनी शाडूच्या मातीचे घडवलेले गणपती तर तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी बसलेच असतील. मालिका मुलीने लावून दिली. सगळी नाही पाहिली, जेवढी पाहिली तेवढ्यावर बोलतो.

तो डॅनियल जसा रेंगाळत चालतो, उत्तर द्यायला वेळ घेतो, ते अगदी बरोबर दाखवलंय. आतला माणूस विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं की आधी तोलतो, याला काय ऐकायचंय.

ताई, तुम्ही तयारीचं विचारलंत. मोठ्या गोष्टी वकीलसाहेबांनी सांगितल्या, मी बारक्या सांगतो. बराकीत रात्रभर दिवा चालू असतो. इतक्या वर्षांनी अंधारात झोप लागत नाही, तेव्हा त्यांच्या खोलीत एक लहान दिवा ठेवा आणि कुणी तो बंद करू नका. गादी घालून ठेवा, पण ते खाली सतरंजीवर झोपले तर उठवू नका. आत संध्याकाळचं जेवण फार लवकर वाटतात, लॉकअपच्या आधी. तुमच्याकडे साडेनऊला पानं घेत असतील तर त्यांना सहाच्या आत भूक लागेल आणि ते मागणार नाहीत. पहाटे गिनतीच्या वेळेला उठून बसतील.

दाराचं मी नेहमी घरच्यांना सांगायचो. दार लोटलेलं असलं तरी ते समोर उभे राहतील. कडी काढायची सवय हाताला राहिलेली नसते, दार उघडणं हे दुसऱ्याचं काम असतं. त्यांच्यासाठी दार उघडू नका. दोन पावलं मागे उभं राहा आणि उघडू द्या. माझ्या हाताखाली एक बंदी होता, दरवाजाच्या चौकटीचं काम त्याच्याइतकं सुबक कुणाचं नव्हतं, पाचर अशी बसवायचा की सांध्यात नख शिरणार नाही. सुटला त्या दिवशी मुख्य दरवाजाच्या बाहेर आला, भाऊ रिक्षा घेऊन आला होता. हा रिक्षाशेजारी उभा. भाऊ म्हणाला बस की. तरी हा उभाच, हवालदाराकडे बघत. हवालदाराने मान हलवली तेव्हा बसला.

स्वागताला माणसं जमवू नका. पेढे, हार, नातेवाईक काही नको. आणि हाताला काम द्या. अण्णा आत कुठल्या विभागात होते ते कळलं तर सांगतो काय द्यायचं ते. तुमच्या सासूबाई ओट्याबद्दल जे बोलल्या ते मी पाटीवर लिहून कारखान्यात लावलं असतं.

---

मीनल_जेलरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. रेखाताई, तुमचा प्रतिसाद मी यांना मोठ्याने वाचून दाखवला. टेडीचं ऐकल्यावर हे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तिसरा भाग लाव." आता रोज रात्री एक भाग बघतोय. बागेचा विषय काल पहिल्यांदा निघाला. यांचं म्हणणं, ऑक्टोबर छाटणीचा निर्णय अण्णांनी घ्यावा, पण औषधांचा हिशेब यांच्याकडेच राहील. सासूबाईंना ते पटलं नाही. वाद चालू आहे, चालू दे.

सातपूरकर, केर्विनचं तुम्ही म्हणालात ते मला पटलं. मी त्याला डॅनियलच्या आठवणीतला माणूस म्हणून बघत होते, तो स्वतः काय करून तिथे आला होता याकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

वकीलसाहेब, आदेशात गावाबद्दल मनाई नाही, पोलीस ठाण्यात हजेरी आहे. त्या घरी हे एकटे जाणार नाहीत, सरपंचांना बरोबर घेऊन जातील. त्या मुलाच्या आईला भेटायचं असं ठरलंय. ती नाही म्हणाली तर अण्णा इथेच राहतील.

काका, अण्णा विणकामाला होते. आधी सतरंज्या, मग शेवटची बरीच वर्षं मागावर.

---

जुना_निदेशक

मागावरचा माणूस म्हणजे बोटं सतत चालायची सवय. बागेत विरळणीचं काम सुरू झालं की घडातले मणी कापायला बसवा, कात्री चांगल्या धारेची द्या. तोवर घरातल्या जुन्या साड्यांच्या पट्ट्या काढून ठेवा, पायपुसणी विणतील. साधी लाकडी चौकट लागेल, खिळे मारलेली. माप कळवा, मी करून देतो. जेलरोडला माझं येणं असतं.